भिंती पक्क्या, खोली अपुरी

२०१२ सालच्या शहरी घरांविषयी दोन आकडे पुढे आले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६९व्या फेरीनुसार शहरांतली ९३.६ टक्के कुटुंबं पक्क्या घरांत राहत होती. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालच्या तांत्रिक गटाचा अंदाज मात्र असा, की शहरांत १ कोटी ८७.८ लाख घरांची टंचाई आहे. पहिल्या आकड्यावर विसंबलं तर दुसरा अतिशयोक्त वाटेल. पण दोघांचे प्रश्न वेगळे होते: एकाने भिंती आणि छप्पर कशाचं ते विचारलं, दुसऱ्याने आत माणसं मावतात का ते पाहिलं.

या टंचाईची फोड बोलकी आहे. बेघर कुटुंबं ५.३ लाख, दाटीवाटीने राहणारी जवळजवळ दीड कोटी. जोडप्याला स्वतंत्र खोली नसणं, हा दाटीचा निकष. मुंबईच्या चाळीत, झोपडपट्टीत संसार केलेल्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. टंचाईतला ९६ टक्के वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांचा होता. त्याच सुमारास, २०११च्या जनगणनेत, शहरांत १ कोटी १० लाखांवर घरं रिकामी आढळली. म्हणजे घरं नव्हती असं नाही. ज्यांना हवी होती त्यांना ती परवडत नव्हती.

मग योजना कशावर उभ्या राहिल्या? ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेने २०११च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेतून लाभार्थी निवडले: बेघर किंवा कच्च्या भिंती-छपराच्या एक-दोन खोल्यांत राहणारे. यादी ग्रामसभेने तपासायची. निकष सोपा, डोळ्यांना दिसणारा, म्हणून राबवायलाही सोपा. खेड्यांत तो बराचसा योग्यही होता. २०१८च्या ७६व्या फेरीत ग्रामीण पक्क्या घरांचं प्रमाण ७६.७ टक्के निघालं. २०१२मध्ये ते ६५.८ होतं. शहरी योजनेत मात्र मंजूर घरांपैकी निम्म्याहून अधिक घरं स्वतःच्या जागेवर बांधायची होती. ज्याच्याकडे जागाच नाही, अशा भाडेकरूला त्या वाटेने काय मिळणार?

पाहण्यांनाही मर्यादा आहेत. ७६व्या फेरीत देशभरातून सुमारे १ लाख ७ हजार कुटुंबं निवडली होती. देशाचं, राज्याचं चित्र त्यातून नीट उमटतं. एखाद्या शहराच्या वॉर्डाचं नाही. तिथे जनगणनाच लागते, आणि २०२१ची जनगणना झालीच नाही. नव्या जनगणनेची घरयादी २०२६मध्ये, तर लोकगणना २०२७च्या फेब्रुवारीत ठरली आहे.

घरयादीच्या फॉर्मवर राहत्या खोल्या किती आणि विवाहित जोडपी किती, हे दोन प्रश्न २०११मध्येही होते. तांत्रिक गटाचा दीड कोटींचा आकडा अशाच माहितीतून निघाला. त्यामुळे नवे आकडे आले की प्रत्येक महापालिकेने वॉर्डवार दाटी जाहीर करावी, आणि भाड्याच्या घरांचा निधी त्या क्रमाने वाटावा. नाहीतर पक्क्या घरांची टक्केवारी शंभरावर पोहोचेल आणि माणसं तरीही पाळीपाळीने झोपतील.