हजेरी वाढली, ताकद वाढली का?

ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळछाटणी) झाली की नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत बायकांचा हंगाम सुरू होतो. पेठ, सुरगाण्याहून मजुरांच्या टोळ्या येतात. घडांचं डिपिंग (द्रावणात बुडवणं), मण्यांची विरळणी अशी निर्यातीचा घड घडवणारी कामं मुख्यतः बायकाच करतात. मांडवाखाली हात वर धरून दिवसभर उभं राहायचं. काम उक्तं घेतलं असेल तर जेवढा उरक, तेवढेच पैसे.

अशा कामात रक्तातलं लोह थेट मजुरीवर परिणाम करतं. लोहाअभावी हिमोग्लोबिन कमी असलं की स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, दम लागतो, हात मंदावतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयोगटातल्या 48 टक्के स्त्रियांना 2015-16 मध्ये रक्तक्षय होता. 2019-21 मध्ये हे प्रमाण 54 टक्क्यांवर गेलं. यावर उपाय महागडा नाही. इंडोनेशियातल्या रबरमळ्यांत 1970च्या दशकात रक्तक्षय असलेल्या मजुरांना लोहाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्यांचं काम वाढलं.

हजेरी मात्र वाढली आहे: देशात 15 वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 टक्के झाला. आकडा सुखावणारा आहे, पण ग्रामीण भागातल्या कामकरी स्त्रियांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश ‘स्वयंरोजगार’ या रकान्यात आहेत आणि घरच्या शेतात बिनपैशाने राबणाऱ्याही त्यातच मोजल्या जातात. शिवाय चूल, पाणी, लेकरं सुटत नाहीतच. 2024च्या वेळवापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात, ते करणारे पुरुष 88. विश्रांती आणि दवाखाना या दोन्हींची वेळ त्यामुळेच कापली जाते.

हातात पैसा आणि नावावर जमीन नसेल, तर दुखणं अंगावर काढलं जातं. जमिनीच्या हक्काचा हा धागा नाशिक जिल्ह्याला नवा नाही. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं आणि लाखो शेतकरी बाया तिथे जमल्या. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेतून नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून द्यायला लावली. सातबाऱ्यावर नाव आलं की पीककर्ज, विमा आणि घरातला शब्द या तिन्हींवर तिचा हक्क सांगता येतो.

म्हणून हंगाम सुरू होण्याआधी बागायतदारांनी आणि ग्रामपंचायतींनी चार गोष्टी कराव्यात: मजूर बायकांची रक्ततपासणी, बागेजवळ स्वच्छतागृह, लेकरांसाठी पाळणाघर आणि तिची मजुरी तिच्याच खात्यात. जमीन असलेल्या घरांनी पाचवी गोष्ट करावी, सातबाऱ्यावर तिचं नाव लावावं.