वाघाचे पट्टे आणि पाहणारे डोळे

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारीच्या अरण्यात साग आणि बांबू यांची दाटी आहे. दिवस कलला म्हणजे तेथील पाणवठ्यावर चितळांचा कळप येतो. काठावरच्या झुडपांत वाघ दबा धरून बसलेला असतो. मनुष्याला त्याचे अंग केशरी दिसते. मग हिरव्या झुडपांत असा उठावदार वर्ण घेऊन बसलेला शत्रू चितळांना का दिसू नये?

या प्रश्नाचे उत्तर वाघाच्या कातडीत जितके आहे, तितकेच पाहणाराच्या डोळ्यांत आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. मनुष्याच्या डोळ्यांत त्या तीन प्रकारच्या असतात. म्हणून त्याला तांबडा आणि हिरवा हे रंग वेगळे दिसतात. हरणांच्या दोन जातींचे डोळे तपासले असता त्यांत अशा पेशी दोनच प्रकारच्या आढळल्या. हे संशोधन १९९४ साली प्रसिद्ध झाले. अशा डोळ्यांना केशरी अंग आणि हिरवी पाने यांतील भेद फारसा कळत नाही.

पण पट्टे कशासाठी? अ‍ॅबट थेअर या अमेरिकन चित्रकाराचे मत असे होते की, ठळक खुणांमुळे प्राण्याच्या देहाची आकृती भंग पावते व तो ओळखू येत नाही. हे मत त्याच्या पुत्राच्या ग्रंथातून १९०९ साली जगापुढे आले. मत पटण्याजोगे होते. परंतु पटणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे.

इंग्लंडातील ब्रिस्टल विद्यापीठाचे इनेस कथिल आणि त्यांचे सहकारी यांनी त्याची परीक्षा घेतली. त्यांनी कागदाचे त्रिकोणी पतंग केले, प्रत्येकाला खाद्य म्हणून एक अळी लावली आणि ते ओक वृक्षांच्या खोडांवर टाचले. काही पतंगांवरील ठिपके कडेपर्यंत जाऊन कड तोडीत होते. काहींवरील ठिपके आतच होते. कड तुटलेले पतंग पक्ष्यांच्या दृष्टीतून अधिक काळ सुटले. हा निबंध २००५ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०१९ साली जॉन फेनेल, कथिल व इतरांनी संगणकाच्या साहाय्याने दाखवले की, दोनच प्रकारच्या रंगपेशी असलेल्या डोळ्यांना वाघाचा केशरी वर्ण रानात सहज उमगत नाही. संशोधकाच्या नावावर किती निबंध आहेत, याहून त्यांनी कोणती शंका फेडली हे अधिक महत्त्वाचे असते.

वानराच्या डोळ्यांत मात्र मनुष्याप्रमाणे तीन प्रकारच्या पेशी असतात. शिवाय तो उंच फांदीवर बसतो. वाघ दिसताच तो ओरडतो आणि खाली चरणारी चितळे सावध होतात. जे त्यांच्या डोळ्यांना दिसत नाही, ते त्यांना कानांनी कळते.

उन्हाळ्यात चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील स्त्री-पुरुष तेंदूची पाने तोडण्यासाठी पहाटेच रानात शिरतात. वाघाच्या हल्ल्यांत त्यांपैकी काहींचे प्राण गेले आहेत. मनुष्याला केशरी रंग दिसतो खरा. पण वाकून पाने तोडताना नजर हाताशी असते आणि झुडपातील पट्टे त्यालाही चकवितात. म्हणून रानात एकट्याने जाऊ नये आणि वानराची हाक ऐकताच हातातले काम थांबवावे. केवळ आपल्या डोळ्यांवर विसंबणे तेथे पुरेसे नाही.