बाइकवर हीटेड ग्लोव्हज, जॅकेट आणि फॉग लाइट लावताय? आधी वॅटचा हिशोब करा

जून उजाडला की पुण्यातून लडाख आणि स्पितीला जाणाऱ्या बाइकची रीघ लागते. निघण्याआधी नाना पेठेत एक चक्कर ठरलेली: फॉग लाइट, मोबाइल चार्जर आणि हल्ली हीटेड ग्रिप्स किंवा हीटेड ग्लोव्हज. वस्तू मिळतात, फिटिंगही तासाभरात होतं. पण या सगळ्याला पुरेल एवढी वीज आपली बाइक तयार करते का, हा प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो. त्याचं उत्तर मग मिळतं थेट सरचूला, पहाटे, स्टार्टरचं बटण दाबल्यावर.

हीटेड गियर लागतंच कशाला?

हवेचं तापमान ० अंश असेल आणि तुम्ही ताशी ८० किमीने चालवत असाल, तर 'विंड चिल'च्या सूत्रानुसार उघड्या त्वचेला ते साधारण उणे १० सारखं वाटतं. बोटं बधिर झाली की ब्रेक आणि क्लच दाबायला उशीर होतो. म्हणजे हा चैनीचा नाही, सुरक्षेचा विषय आहे.

वीज येते कुठून?

इंजिनला जोडलेला स्टेटर वीज बनवतो. रेग्युलेटर-रेक्टिफायर तिला डीसी करून १४ व्होल्टच्या आसपास ठेवतो. ही वीज बाइक चालवते आणि उरलेली बॅटरीत जाते.

इथे एक मोठा गैरसमज आहे: "मोठी बॅटरी टाक, सगळं चालेल." आपल्या सोसायटीचंच उदाहरण घ्या. गच्चीवर दुप्पट मोठी टाकी बसवली म्हणून महापालिकेचं पाणी दुप्पट येत नाही. टाकी फक्त जरा उशिरा रिकामी होते. बॅटरी ही टाकी आहे आणि स्टेटर हा नळ. बाइकच्या स्टेटरभोवती फिरणाऱ्या रोटरमध्ये कायमस्वरूपी चुंबक असतात, त्यामुळे ठरावीक आरपीएमला स्टेटर जास्तीत जास्त किती वॅट देणार हे कंपनीतच ठरलेलं असतं.

शिवाय बाइकची स्वतःची भूकही वाढली आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना कायम सुरू राहतो. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि बहुतेक बाइकमध्ये फ्युएल इंजेक्शन, म्हणजेच इलेक्ट्रिक फ्युएल पंप आला.

चला, हिशोब करू

समजा एका बाइकचा स्टेटर ५,००० आरपीएमला २२० वॅट देतो. (आकडा उदाहरणासाठी घेतलाय, तुमच्या बाइकचा मॅन्युअलमध्ये बघा.)

बाइकचा स्वतःचा खर्च अंदाजे:
- हॅलोजन हेडलाइट: ६० वॅट
- टेल लाइट, मीटर वगैरे: १५
- फ्युएल पंप, ईसीयू, इग्निशन: ५०
- बॅटरी चार्जिंग: १५

एकूण १४०. उरले ८० वॅट. आता आपली यादी:
- हीटेड ग्रिप्स: ३५
- हीटेड ग्लोव्हजची जोडी: २५
- हीटेड जॅकेट: ८०
- एलईडी फॉग लाइटची जोडी: ४०
- मोबाइल चार्जर: १५

बेरीज १९५. हातात आहेत ८०. ग्रिप्स, ग्लोव्हज आणि चार्जर मिळून ७५ होतात, म्हणजे जेमतेम बसतं. जॅकेट आणि फॉग लाइट यात बसत नाहीत.

आणि हे गाडी पळत असताना. दरड कोसळली, रांगेत थांबलात, इंजिन आयडलवर आहे, तर तोच स्टेटर समजा १३० वॅटच देतो. चार्जिंग सोडून बाइकला लागतात १२५, वर आपले ७५. तूट ७० वॅटची, म्हणजे सुमारे ५.७ अँपिअर. ८ एएचची बॅटरी ४० मिनिटांत निम्मी होते. त्यात थंडीत लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता आणखी घटते. शिवाय फ्युएल इंजेक्शनची बाइक ढकलून सुरू करायची म्हटलं तरी पंपापुरती वीज बॅटरीत लागतेच. म्हणून थांबलात की हीटर आणि फॉग लाइट बंद.

वायरिंग: इथे कंजुषी नको

हेडलाइटच्या वायरला जोड मारून हीटर चालवू नका. योग्य मार्ग असा:

१. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून स्वतंत्र वायर काढा आणि फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ बसवा. फ्यूज उपकरणाला नाही, वायरला वाचवतो. ७५ वॅट म्हणजे साधारण ६ अँपिअर, त्यासाठी १० चा फ्यूज पुरे.

२. मध्ये रिले लावा. पिन ३० ला बॅटरीची वायर, ८७ ला उपकरण, ८५ ला अर्थ आणि ८६ ला चावी फिरवल्यावरच चालू होणारी वायर, उदाहरणार्थ पार्किंग लाइटची. चावी बंद केली की सगळं बंद, रात्री बॅटरी उतरत नाही.

३. वायर जाड घ्या. जाऊन-येऊन ४ मीटर लांबीच्या ०.५ चौ. मिमी तांब्याच्या वायरमधून ८ अँपिअर गेले तर १ व्होल्टहून जास्त वाटेतच जातो आणि सुमारे ९ वॅटने वायर तापते. २.५ चौ. मिमी घेतली तर हाच तोटा जेमतेम ०.२ व्होल्ट.

मूळ वायरिंग कापू नका, कपलर वापरा. कापलेल्या वायरवरून वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

सोबत एक छोटा व्होल्टमीटर लावा. चालताना १३.५ ते १४.५ दिसलं तर उत्तम. १२.८ च्या खाली गेलं तर बॅटरी खर्च होतेय, काहीतरी बंद करा.

बाइकची वीज न वापरता

७.४ व्होल्टची स्वतःची बॅटरी असलेले ग्लोव्हज मिळतात. ते थेट १२ व्होल्टला जोडू नका, जळतील. यूएसबीवर चालणारं १० वॅटचं जॅकेट २०,००० एमएएचच्या पॉवर बँकवर साधारण ६ तास चालतं. पॉवर बँक जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत लिथियम बॅटरीही लवकर दमते. लेहला विमानाने जात असाल तर ती केबिन बॅगेतच ठेवायची.

आणि खरेदीचा क्रम? आधी हँडगार्ड आणि वारा अडवणारं जॅकेट, कारण त्यांना शून्य वॅट लागतात. मग ग्रिप्स किंवा ग्लोव्हज. हीटेड जॅकेट सगळ्यात शेवटी, तेही हिशोबात बसलं तरच. दुकानात जाण्याआधी मॅन्युअलमधला स्टेटरचा आकडा कागदावर लिहून घ्या, तो खिशात असला की दुकानदार काहीही म्हणो, निर्णय तुमचा असेल.