मेक्सिकोला जायचंय? आधी शहागंजला या!

शहागंजच्या घड्याळापाशी एकदा संध्याकाळी येऊन उभे राहा. रिक्षांचे हॉर्न चालू असतात, गर्दीतून बाईक काढायची सगळ्यांचीच घाई असते. जरा बाजूला व्हा आणि हातगाड्यांकडे बघा. पेरू, पपई, चिकू. पुढे हिरव्या मिरचीचे ढीग, टोमॅटो. पावसाळ्यात निखाऱ्यावरचं कणीस आणि दिवाळीच्या आसपास दौलताबादची सीताफळं. यातलं एकही मूळचं आपलं नाही, हे तुम्हाला माहितीये? या सगळ्यांचं माहेर म्हणजे मेक्सिको आणि त्याच्या आजूबाजूचा अमेरिका खंड. आपल्या चिकूला तिकडे आजही 'चिकोसापोते' म्हणतात. आपण रोज किलोच्या भावानं मेक्सिको घरी नेतो, आणि तरी तो देश आपल्याला चंद्राइतका लांब वाटतो.

मी याच भागात वाढले. मला उन्हाळ्याच्या सुट्टीत मेक्सिकोला जाऊन स्पॅनिश शिकायचंय. एकटीनं. घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईच्या हातातलं लाटणं थांबलं. "पुण्याला इंटरव्ह्यूला गेलीस तर मी रात्रभर जागी होते. अन् आता मेक्सिको?" पप्पा काही बोलले नाहीत. आमचं छोटं दुकान आहे. पप्पा गप्प बसले की ते मनात हिशेब करतायत, हे आम्हा भावंडांना पाठ आहे.

मग आईनं दुसरा प्रश्न विचारला. "जाशील, शिकशील, येशील. मग पुढं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना मला एक माणूस भेटला. शंभर वर्षांपूर्वीचा.

वर्ध्याहून चापिंगोला

डॉ. पांडुरंग खानखोजे. वर्ध्याचे. इतिहासाच्या पुस्तकात गदर पार्टीच्या धड्यात हे नाव कदाचित एका ओळीत येऊन गेलं असेल. इंग्रजांविरुद्ध लढण्यासाठी विशीत देश सोडलेला हा तरुण अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, गदरच्या उभारणीत सामील झाला, पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणपर्यंत जाऊन लढला. मायदेशाचे दरवाजे बंद झाले होते. १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले. मेक्सिको सिटीजवळच्या चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले.

जरा विचार करा. ना भाषेचं ॲप, ना व्हिडिओ कॉल. वर्ध्याचा मराठी माणूस मेक्सिकोच्या शेतकऱ्यांच्या मुलांना स्पॅनिशमधून शेती शिकवतोय! त्यांनी मक्यावर संशोधन केलं, त्यावर स्पॅनिशमध्ये लिहिलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरानं मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर 'आमची रोजची भाकरी' नावाचं चित्र काढलं. त्यात भाकरी वाटणारा माणूस म्हणून त्यानं खानखोजेंचा चेहरा रंगवला. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात त्यांचं निधन झालं. २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. वीणा गवाणकर यांनी त्यांचं मराठीत चरित्र लिहिलंय. कॉलेजच्या लायब्ररीत मागून बघा.

मला त्यांच्यातलं काय भिडलं सांगू? खानखोजे भाषा 'करायला' गेले नव्हते. त्यांना मक्याबद्दल बोलायचं होतं आणि समोरचे लोक स्पॅनिश बोलत होते, म्हणून ते स्पॅनिश शिकले. आईच्या प्रश्नाचं उत्तर इथंच कुठंतरी आहे, असं वाटलं.

अर्धी स्पॅनिश तुमच्या तोंडात आहे

स्पॅनिश अवघड असेल, इंग्लिश मीडियमवाल्यांचं काम असेल, असं वाटतंय? उलट आहे. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणाऱ्यांचा घाम निघतो, तिथं मराठी माणूस आरामात पुढे जातो.

'मे गुस्ता एल ते' म्हणजे 'मला चहा आवडतो'. रचना बघा. 'मी चहा आवडतो' असं आपण म्हणत नाही, तेही म्हणत नाहीत. चहा आवडतो, तो मला. इंग्रजी डोक्यानं विचार करणाऱ्यांना हे वाक्य पचायला वेळ लागतो. आपण ते दूधपित्या वयापासून बोलतोय. 'तू' आणि 'तुम्ही' हा फरक त्यांच्याकडेही आहे: 'तू' आणि 'उस्तेद'. पहिला शब्द तर जसाच्या तसा! 'गेले' आणि 'जायचे' यांत आपण जो फरक करतो, तोच त्यांच्या दोन भूतकाळांत आहे. त्यांचा त आणि द आपल्यासारखाच, जीभ दातांना लावून. लिंगंही दोनच, आपण तीन सांभाळतो.

शहागंजकरांसाठी तर बोनस आहे. स्पेनच्या कमी-अधिक भागावर जवळपास आठशे वर्षं मुस्लिम सत्ता होती आणि अरबी बोलली जात होती. त्यामुळे आपल्या गल्लीत ऐकू येणारे शब्द तिकडे वेश बदलून भेटतात. शक्कर तिकडे 'असूकार', ज़ैतून 'आसेइतूना', नारंगी 'नारांखा'. सगळ्यात गोड शब्द 'ओखाला'. 'असं होवो' या अर्थाचा. तो आलाय 'अल्लाहची इच्छा असेल तर' अशा अर्थाच्या अरबी बोलातून, म्हणजे आपल्या रोजच्या 'इन्शाअल्लाह'चा तो जवळचा नातेवाईक. पोर्तुगीजांनी आणलेला 'पगार'ही ओळखीचा निघतो, कारण स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणे. फक्त वेळेवर होईल याची खात्री तिकडेही नसावी!

सकाळी सात वाजता, गच्चीवर

मेक्सिको सिटीचं घड्याळ आपल्या साडेअकरा तास मागे असतं. शहागंजमध्ये सकाळचे सात वाजतात, तेव्हा तिकडे आदल्या संध्याकाळचे साडेसात. गेले सात महिने मी आठवड्यातून तीनदा सकाळी गच्चीवर जाऊन पुएब्ला शहरातल्या एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीशी बोलते. वीस मिनिटं स्पॅनिश, वीस मिनिटं इंग्लिश. फी शून्य. भाषांची अशी देवाणघेवाण करायची ॲप्स आहेत. फक्त आपला पत्ता, कागदपत्रं, पैशाचे तपशील कुणालाही द्यायचे नाहीत.

दुसऱ्याच कॉलला मी घोळ घातला. रात्री उशिरापर्यंत बातमी लिहिली होती, म्हणून 'मी दमलेय' असं सांगायचं होतं. त्यासाठी शब्द आहे 'कान्सादा'. मी म्हणाले 'कासादा', म्हणजे 'माझं लग्न झालंय'. तिनं अभिनंदन केलं, नवरा काय करतो विचारलं, आणि मी प्रत्येक प्रश्नाला 'सी, सी' म्हणत राहिले. एक अनुस्वार गाळला आणि संसार उभा राहिला! आईला हा किस्सा सांगितला तेव्हा या विषयावर ती पहिल्यांदा हसली.

पुस्तकात नसलेल्या गोष्टी अशाच कळतात. 'आओरिता'चा अर्थ शब्दकोशात 'आत्ता, लगेच' असा आहे, पण तो आपल्या 'आलोच पाच मिनिटांत'सारखा. पाच मिनिटं की दोन तास, ते समजून घ्यायचं. ऐकू आलं नाही तर मेक्सिकोत अदबीनं 'मान्दे?' म्हणतात. आपल्याकडे 'जी?' म्हणतात तसंच.

आता कागदावरचं गणित

स्वप्न बघून झालं असेल तर वही काढा.

कुठं शिकायचं? मेक्सिकोचं सगळ्यात मोठं सरकारी विद्यापीठ 'उनाम'. तिथं परदेशी विद्यार्थ्यांसाठी १९२१ पासून स्पॅनिश शिकवतात, आणि सुरुवातच मुळी 'उन्हाळी शाळा' म्हणून झाली होती. याशिवाय ओआखाका, ग्वानाख्वातो, मेरिदा अशा शहरांत खासगी भाषाशाळा आहेत. बऱ्याच शाळा स्थानिक कुटुंबात राहायची सोय करून देतात. भाषेसाठी हॉस्टेलपेक्षा ते कधीही चांगलं, कारण रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर तुम्हाला कुणी इंग्लिश बोलू देत नाही.

व्हिसा. १८० दिवसांच्या आतल्या मुक्कामासाठी पाहुण्यांचा व्हिसा, त्याहून लांबच्या अभ्यासक्रमासाठी विद्यार्थी म्हणून वेगळा. मेक्सिकोचा दूतावास दिल्लीत आहे. नियम बदलत असतात, म्हणून एजंटच्या नाही, तर दूतावासाच्या माहितीवर विश्वास ठेवा. आपल्याकडून जाताना वाटेत विमान बदलावं लागतं. ते अमेरिकेत बदलणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. स्वस्त तिकीट घाईत काढणारे इथंच फसतात.

हवा. मेक्सिकोत साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळा. राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही कितीतरी वर. पहिले दोन दिवस जिना चढतानाही दम लागू शकतो. स्वेटर न्या.

सुरक्षितता. मुलींनो, हा प्रश्न घरचे विचारणार आणि तो योग्यच आहे. मेक्सिकोच्या सगळ्या राज्यांची परिस्थिती सारखी नाही, म्हणून ज्या शहरात जायचं त्याबद्दल वाचा. रात्रीचा शहराबाहेरचा प्रवास टाळा. मेक्सिको सिटीच्या मेट्रोत मुंबई लोकलसारखे महिलांसाठी राखीव डबे असतात. आपत्कालीन नंबर ९११. रोज ठरलेल्या वेळी घरी एक मेसेज. हा आईचा धाक नाही, सोलो ट्रॅव्हलचा पहिला नियम आहे.

पैसे. तिकीट, फी, राहणं-जेवण, विमा, आणि अडीअडचणीसाठी वेगळी रक्कम. पाच रकाने आखा. शेवटचा रकाना रिकामा असेल तर थांबा.

माझा शेवटचा रकाना

तो रिकामा होता. या उन्हाळ्यात जायचं असं मी सगळ्या मैत्रिणींना सांगून बसले होते. आईनं एक दिवस हळूच माझ्या नावची एफडी मोडायची तयारी दाखवली. ती कशासाठी ठेवलीये हे घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त कुणी बोलत नाही. "लग्न काय, होईल तेव्हा होईल," ती म्हणाली. रात्रभर मला झोप लागली नाही. सकाळी तिला नाही म्हणाले. त्या पैशानं गेले असते तर तिथला प्रत्येक दिवस मी तिच्या जिवावर मोजत बसले असते. लाज वाटली ती मैत्रिणींना सांगताना. पासपोर्ट मात्र काढलाय.

जायचं पुढच्या वर्षी, स्टायपेंड आणि शिकवण्यांच्या पैशातून. तोवर भाषेच्या सुरुवातीच्या दोन पायऱ्या, ज्यांना 'ए वन' आणि 'ए टू' म्हणतात, इथंच चढायच्या. ज्या गोष्टी शहागंजच्या गच्चीवर फुकट शिकता येतात, त्या शिकायला एवढे पैसे खर्चून सात समुद्र ओलांडण्यात काय शहाणपण?

आणि आईच्या 'पुढं काय'चं उत्तरही सापडलंय. आपल्या जिल्ह्यात सिल्लोड, कन्नडकडे मका किती होतो ते तुम्ही बघितलंच असेल. ज्या देशात माणसानं सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मका लावायला सुरुवात केली, तिथले छोटे शेतकरी आज बियाणं कसं राखतात, भाव पडला की काय करतात, हे मला त्यांच्या भाषेत विचारायचंय आणि इथं येऊन मराठीत लिहायचंय. तुमचा प्रश्न वेगळा असेल. फुटबॉल, सिनेमा, वास्तुकला, नर्सिंग, काहीही. पण एक तरी प्रश्न घेऊन जा. नाहीतर फोटो येतील, भाषा येणार नाही.

घड्याळाजवळ एका चाचांची फळांची गाडी असते. मी त्यांना प्रत्येक फळाचं स्पॅनिश नाव ऐकवून भंडावून सोडलंय. परवा चिकू तोलताना त्यांनी विचारलं, "तो फिर, कब जा रहे बेटा?"

"अगले साल, चाचा."

"इन्शाअल्लाह," ते म्हणाले.

मी म्हणाले, "ओखाला."

"वो क्या होता?"

"वोइच होता, चाचा."