कानात वाजणारी नाडी

रात्री उशीवर डोकं टेकलं की एका कानात धपधप सुरू होते, तीही नाडीच्या ठेक्यात. कानाचा पडदा शाबूत असतो, ऐकण्याची चाचणी ठीक येते आणि ‘वयोमानानं होतं’ म्हणून रुग्णाची बोळवण होते. एखादा चौकस डॉक्टर मात्र कानामागच्या हाडावर स्टेथोस्कोप टेकवतो आणि कधी कधी तोच आवाज त्यालाही ऐकू येतो.

धमनीतलं रक्त एरवी केशवाहिन्यांच्या जाळ्यात दाब उतरवून मगच शिरेत जातं. मेंदूभोवतीच्या जाड आवरणात, म्हणजे ड्युरामध्ये, धमनी थेट शिरेला जोडली गेली की त्याला ड्युरल फिस्टुला म्हणतात; कानातल्या त्या धपधपीमागे तोही असू शकतो. रक्त आपल्या नेहमीच्या वाटेनं हृदयाकडे परतत असेल तर बहुधा नुसती नजर ठेवून भागतं. ते उलटं फिरून मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरांत घुसलं, तर रक्तस्रावाची भीती. हा फरक नेमका दाखवते ती मेंदूची अँजिओग्राफी. लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी १९२७ साली सुरू केलेली.

उपचारासाठी कवटी उघडावी लागतेच असं नाही. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी एक्स-रेच्या पडद्यावर पाहत वर नेतात. नुसती धमनी बुजवणं सोपं, पण निरुपयोगी. आजूबाजूच्या धमन्या तिची जागा घेतात. बुजवायचा असतो तो सांधा, शिरेच्या अगदी सुरुवातीपर्यंत.

त्यासाठी ओनिक्स नावाचा काळा द्रव वापरतात. एक्स-रेत दिसावा म्हणून त्यात टँटलम धातूची पूड असते. ती तळाशी बसू नये म्हणून कुपी आधी वीस मिनिटं हलवत ठेवतात. रक्ताशी गाठ पडताच द्रव बाहेरून घट्ट होतो, आत मात्र वाहता राहतो आणि लाव्ह्यासारखा पुढे सरकतो. मिनिटाला जेमतेम ०.१ मिलिलिटर सोडायचा. मागे येऊ लागला की थांबायचं, वाट पाहायची, पुन्हा ढकलायचं. माझ्या मते या कामात हातापेक्षा सबुरीचा कस लागतो. ड्युराच्या काही धमन्या डोळ्याच्या धमनीशी आतून जोडलेल्या असतात. द्रव तिकडे वळला तर दृष्टी जाऊ शकते.

द्रवातल्या डीएमएसओ या द्रावकामुळे नंतर एक-दोन दिवस रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो. नातेवाइकांना हे आधीच सांगितलेलं बरं. काही महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी करतात. बुजवलेला सांधा क्वचित परत उघडतो.