थंडी आणि विजेची मोटार

जबलपूर येथील वाहन निर्माणीत १९६९ पासून सैन्यासाठी मालमोटारी तयार होत आल्या आहेत. जबलपुरात जानेवारीतील रात्री तापमान साधारणतः ९-१० अंश सेल्सियसपर्यंत उतरते. परंतु सैन्याच्या मोटारींना लडाखमध्ये शून्याखाली २० अंशांतही धावावे लागते. इतक्या थंडीत डिझेलमधील मेणही साकळते, तेव्हा थंडी केवळ विजेच्या मोटारीलाच बाधते असे नव्हे. मात्र विजेच्या मोटारीची अडचण निराळ्या प्रकारची आहे.

लिथियमच्या बॅटरीत ग्राफाइटचे एक अग्र, धातूंच्या ऑक्साइडांचे वा फॉस्फेटाचे दुसरे अग्र आणि त्यांच्यामध्ये एक द्रव असतो. वीज मिळते ती या द्रवातून लिथियमचे आयन एका अग्राकडून दुसऱ्याकडे जातात म्हणून. थंडीत द्रव दाट होतो, आयनांची गती मंदावते व अंतर्गत रोध वाढतो. त्यामुळे साठविलेल्या विजेचा काही भाग हाती येत नाही. तो नष्ट मात्र होत नाही. बॅटरी ऊबदार होताच त्यातील बराचसा पुन्हा वापरता येतो.

खरा खर्च वेगळ्याच ठिकाणी होतो. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातील बहुतांश उष्णता वाया जाते आणि हिवाळ्यात त्याच वाया गेलेल्या उष्णतेवर गाडीतील माणसे शेकतात! विजेची मोटर फारशी तापत नाही. म्हणून ऊबही बॅटरीतूनच विकत घ्यावी लागते. समजा, बॅटरीत ४० युनिट वीज आहे आणि गाडीला १०० किलोमीटरला १५ युनिट लागतात. म्हणजे गाडी सुमारे २६७ किलोमीटर जाईल. आता ऊब देण्यास ताशी ३ युनिट खर्च झाले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने ती २०० किलोमीटर जाईल. आणि बर्फाळ घाटात ताशी २० किलोमीटर वेगाने रांगत गेल्यास अवघी १३३. वेगानुसार होणारा इतर फरक येथे सोडून दिला आहे. हळू चालविल्याने वीज वाचते, हा मैदानातील अनुभव येथे उलटा पडतो. रात्री घाटात अडकलेल्या प्रवाशाला हा हिशेब आधी ठाऊक असलेला बरा.

नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या. तेथील लोक निघण्यापूर्वी, गाडी विजेच्या तारेला जोडलेली असतानाच, ती आतून तापवून घेतात. अनेक गाड्यांत उष्णता-पंप असतो. तो बाहेरच्या थंड हवेतूनही उष्णता ओढून घेतो. शिवाय, सारी हवा तापविण्यापेक्षा बैठक तापविणे स्वस्त पडते.

सर्वांत जपण्याची वेळ बॅटरी भरतानाची. शून्याखालील बॅटरीत वेगाने वीज भरली, तर आयन ग्राफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठावर धातुरूपाने साचू लागतात. ही हानी पुष्कळशी कायमची असते. म्हणून गाडीतील नियंत्रक बॅटरी ऊबदार होईपर्यंत वीज अगदी थोडी घेतो किंवा मुळीच घेत नाही, आणि कुडकुडत उभ्या असलेल्या चालकास यंत्रच बिघडले असे वाटते.