लिहायला सुरुवात कुठून करायची?

आता मुलं मला विचारतात, ‘सर, आम्ही बोरिवली-मुलुंडची. घरी मराठी, इंग्रजी फक्त कॉलेजात. आमचं लेखन कोण छापणार?’ तर बघा, निस्सीम इझिकेल पार्ल्याच्या मिठीबाई कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. १९६६ साली त्यांनी ‘पोएट्री इंडिया’ हे नियतकालिक सुरू केलं. त्यात इंग्रजी कवितांबरोबर भारतीय भाषांतल्या कवितांचे अनुवादही असत. पुढे वृंदा नाबर यांच्यासोबत त्यांनी इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. ते पुस्तक १९७५ साली आलं. म्हणजे घरची मराठी हे तुमचं भांडवल आहे, बरं का!

फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवाला जरूर जा, लेखकांना ऐका. पण परतीच्या लोकलमध्ये स्वतःला विचारा, या महिन्यात मी काय लिहिलं?

आवडती एक मराठी कविता घ्या. इंग्रजीत आणा. चार मित्रांना मोठ्याने वाचून दाखवा. जिथे जीभ अडखळेल, तिथे दुरुस्त करा. मग कवीची किंवा प्रकाशकाची परवानगी घेऊन कॉलेजच्या वार्षिकांकाला द्या, नंतर बाहेर पाठवा. साभार परत येईल. येऊ द्या. दुसरी तयार ठेवा.